कांगड्याच्या खोऱ्यांत

गेल्या वैशाखांत धाकट्या कन्येच्या आग्रहावरून आम्ही उभयतां पालमपुरास पंधरा दिवस राहून आलों. पठाणकोटाहून मोटार पूर्वेस वळली, आणि थोड्याच वेळांत डाव्या हातास धौलाधारची रांग उभी राहिली. मध्यें टेकड्यांची पायरी म्हणून जवळजवळ नाहींच. खालीं पिकलेले गहूं व चहाचे मळे, आणि त्यांच्या माथ्यावर एकदम बर्फ. अमरकोशांत पृथ्वीस अचला व स्थिरा म्हटलें आहे. पर्वतासही अचल व नग, म्हणजे न जाणारा. तीस वर्षें हे शब्द आम्हीं मुलांकडून घोकून घेतले. त्यांचा अर्थ तपासून पाहण्याची पाळी येथें आली.

कांगडा गांवीं वज्रेश्वरीचें दर्शन घेतलें. क्षेत्र पुरातन, पण इमारत नवी. आधींची ४ एप्रिल १९०५ रोजीं भूकंपांत जमीनदोस्त झाली. वेळ सकाळीं सहाच्या सुमाराची, पुष्कळ माणसें घरांतच होतीं. भिंती कच्च्या विटांच्या, वर पाटीच्या दगडांचीं जड छपरें. सुमारें वीस हजार जीव गेले. गांवाबाहेरील किल्ल्याचे ढासळलेले तट पाहतांना कुटुंब बराच वेळ कांहीं बोललें नाहीं.

याचें कारण असें. पृथ्वीचें कवच एकसंध नसून त्याचे मोठाले तुकडे आहेत. त्यांस भूपट्ट म्हणतात. आपला देश ज्या पट्टावर आहे तो वर्षास सुमारें पांच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं तो आशियाच्या पट्टास भिडला, आणि मधल्या समुद्राच्या तळचा गाळ चुरमडून वर आला. वाचकांच्या देवघरांत चक्रांकित शालिग्राम असेल, तर तें चक्र त्याच समुद्रांतील एका शंखधारी जीवाची खूण होय. पूजेस याने बाध येतो असें आम्हांस वाटत नाहीं.

आपला पट्ट उतरत्या फळीप्रमाणें हिमालयाखालीं शिरतो. तो सुरळीत सरकता तर कोणास कळलेंही नसतें; परंतु खडकास खडक अडकून बसतो. पावसाळ्यांत फुगलेलें दार आपण खांद्यानें रेटतों. बराच वेळ तें हालत नाहीं, आणि उघडतें तेव्हां आपणही आंत जाऊन पडतों. खडक मात्र नुसता अडून राहत नाहीं, धनुष्यासारखा वांकत जातो, आणि सुटतांना ती सारी ओढ लाटांच्या रूपानें चहूंकडे धांवते. (आपल्या किल्लारीचा १९९३ चा भूकंप पट्टाच्या कडेस नव्हे, पोटांत झाला, त्याची कथा निराळी.)

जांवईबापू दोन मजली घरावर तिसरा मजला चढवीत होते, तोही गवंड्याच्या भरंवशावर. आम्हीं शंका काढतांच ते हंसून म्हणाले, "अण्णा, येथें शंभर वर्षांत कांहीं झालेलें नाहीं."

"तीच तर भीति आहे," आम्ही म्हणालों, आणि गच्चीवरच खडूनें गणित मांडलें. पट्टाच्या सरकण्यापैकीं वर्षास सुमारें दीड सेंटिमीटर या भागांत अडून राहतें. १९०५ पासून एकशेंवीस वर्षें धरलीं तर एकशेंऐशीं सेंटिमीटर, म्हणजे जांवईबापूंच्या उंचीहूनही चार बोटें अधिक. ती ओढ केव्हां सुटेल हें कोणीही सांगूं शकत नाहीं. तिथिवार सांगणाऱ्यास तर दारांतही उभें करूं नये. जांवईबापूंनीं आंकडे दोनदां तपासले. चूक सांपडली नाहीं, तेव्हां चहा मागविला.

निघण्याच्या आदल्या दिवशीं बैजनाथास गेलों. तेराव्या शतकांतलें तें दगडी देऊळ १९०५ चे धक्के सोसून उभें आहे. सभामंडपांत शिरल्यावर जांवईबापू खांबांवर हात फिरवून पाहत होते.

परवां कन्येचें पत्र आलें. काम थांबविलें आहे, आणि पाया व खांब तपासण्यास धर्मशाळेहून एक अभियंते सोमवारीं येणार आहेत.