प्लझेनचीं पिंपें

आमचे चिरंजीव चाकरीनिमित्त प्राग शहरीं असतात. ज्यांच्या जिभेस मद्याचा थेंब ठाऊक नाहीं अशा आम्हांस त्यांनीं जवळच्या प्लझेन गांवचा बिअरचा कारखाना दाखविला!

१८३८ सालीं येथील बिअर इतकी नासली कीं, ३६ पिंपें नगरभवनासमोर ओतून दिलीं. मग नागरिकांनीं स्वतःचा कारखाना काढून बव्हेरियाहून योझेफ ग्रोल यास आणविलें. १८४२ सालीं त्यानें फिकट भाजलेले जव, हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें व येथलें मृदु पाणी यांपासून नितळ, सोनेरी बिअर केली.

बरोबर आलेले चिरंजीवांचे एक स्नेही मात्र कारखान्यांचें पेय पाणचट म्हणून नाक मुरडीत होते. लहान भट्ट्यांचें तेवढेंच खरें, असें त्यांचें मत. ज्या फिकट पेयास ते हंसत होते, तें एके काळीं याच गांवचें नवल होतें!

आम्हांसहि हंसूं आलें. पण लागलीच लाज वाटली. लावणी आवडते म्हणणाऱ्या एका विद्यार्थ्यास, 'तुला अभिरुचि म्हणून नाहीं,' असें आम्हीं भर वर्गांत हिणविलें होतें. सोलापूरचे रामजोशी संस्कृतज्ञ असून लावण्या रचीत, हें ठाऊक असूनहि! त्या मुलानें पुन्हां वर्गांत तोंड उघडलें नाहीं. आज तो भेटल्यास आम्ही त्याची क्षमा मागूं.