चार मालकांचं केकवॉक

नोट ६०, व्हेलॉसिटी ९०, लांबी १२० टिक. केकवॉक या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या इव्हेंट लिस्टमध्ये गाणं असं दिसायचं, किराण्याच्या यादीसारखं एकाखाली एक. ६० म्हणजे पियानोच्या मधोमधचा सी, ९० म्हणजे पट्टी किती जोरात दाबली, आणि १२० टिक म्हणजे पुरती एक मात्रा. पेटी शिकलेल्या मला हे आधी भलतंच वाटलं. मग एक दिवस लक्षात आलं, की 'हा सूर जरा हलका लाव' असं बाई वर्षानुवर्षं जे सांगत आल्या, ते इथे ९०चे ६० करून सांगता येतं. तेव्हापासून मी या सॉफ्टवेअरला चिकटले ती चिकटलेच.

सांगलीला दादाने घरातल्या मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला होता. स्टुडिओ कसला, रोलंडचा एक कीबोर्ड, जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या सतरंज्या. बालनाट्यवाले, ऑर्केस्ट्रावाले, देखाव्याला गाणं हवं असलेली गणपतीची मंडळं, सगळ्यांची तिथे ये-जा असे. केहरवा भरायचं काम माझ्याकडे. कीबोर्डवर बोटांनी ठेका वाजवायचा आणि मग माउस घेऊन तो साफसूफ करत बसायचं. क्वांटाइझ केलं की प्रत्येक ठोका रेघेवर येऊन बसायचा आणि ठेका तिथेच मरायचा. 'न क धि न'मधल्या 'धि'वर तबलजी जो केसभर रेंगाळतो तोच पुसला जायचा, आणि केहरव्याची सगळी गंमत तर तिथेच असते. पण क्वांटाइझचा जोर किती टक्के ठेवायचा हे केकवॉकमध्ये ठरवता यायचं. मी तो पुरता कधीच लावला नाही. थोडं चुकलेलं तसंच राहू द्यायचं, मग ठेका चालायला लागतो.

मींडेचंही तसंच. पेटीवर मींड येत नाही हे दुखणं लहानपणापासूनचं. इथे पिच व्हीलला उणे ८१९२ पासून अधिक ८१९१ पर्यंत जागा होती. कडेच्या खिडकीत माउसने रेघ ओढायची, ऐकायची, पुन्हा ओढायची. रेघ सरळ काढली तर भोंगा वाजतो. शेवटाकडे जरा वळवली तर मात्र सूर गळ्यातून आल्यासारखा उतरतो.

हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्या ग्रेग हेंडरशॉटचं नाव मला फार उशिरा कळलं. १९८७मध्ये त्याने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला ट्वेल्व्ह टोन सिस्टिम्स नावाची छोटी कंपनी काढून डॉसवर चालणारं केकवॉक विकायला सुरुवात केली. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी मिडीची भाषा तेव्हा नुकती चार वर्षांची होती. पुढे केकवॉक विंडोजवर आलं, गाणाऱ्याचा आवाजही त्यातच रेकॉर्ड होऊ लागला आणि २००१मध्ये त्याचं सोनार झालं. तोवर कंपनीनेही केकवॉक हेच नाव घेतलं होतं.

२००८च्या जानेवारीत रोलंडने कंपनीतला मोठा हिस्सा घेतला, तेव्हा आमच्याकडे आनंदच झाला. आपल्याकडे रोलंड म्हणजे ऑक्टोपॅड. तो नसलेला ऑर्केस्ट्रा दाखवा म्हटलं तर सापडायचा नाही. मिडी घडवण्यात रोलंडच्या इकुतारो काकेहाशींचा वाटा एवढा, की २०१३मध्ये त्यांना आणि डेव्ह स्मिथना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. घरातलीच माणसं, मुलगी सुखात पडली, अशी आमची समजूत. पण त्याच २०१३मध्ये रोलंडने केकवॉक गिटारवाल्या गिब्सनला देऊन टाकलं.

गिब्सनचा पूर्वेतिहास माहीत असणाऱ्यांच्या पोटात तेव्हाच गोळा आला असणार. मिडी आणि ध्वनिमुद्रण पहिल्यांदा एकाच खिडकीत आणणाऱ्या ऑपकोडला याच गिब्सनने १९९८मध्ये विकत घेतलं होतं, आणि पुढच्याच वर्षी तिथलं काम थांबलं. इथेही वेगळं काही झालं नाही. २०१६मध्ये 'एकदाच पैसे भरा, आजीवन अपडेट मिळवा' अशी योजना निघाली. आजीवन म्हणजे नक्की कोणाचं आयुष्य, हे विचारायचं राहून गेलं. दीडेक वर्षात, २०१७च्या नोव्हेंबरमध्ये, केकवॉकचं काम बंद करत असल्याचं गिब्सनने जाहीर केलं. २०१८च्या मे महिन्यात तर गिब्सनच दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती. केकवॉक बंद पडल्याची बातमी आली तेव्हा ओळखीतले कितीतरी जण हळहळले. त्यातल्या किती जणांनी परवाना विकत घेतला होता, ते विचारू नये.

पण गिब्सन कोर्टात जाण्याआधीच, २०१८च्या फेब्रुवारीत, सिंगापूरच्या बँडलॅबने केकवॉकचे हक्क घेतले आणि एप्रिलमध्ये ते चक्क फुकट वाटायला काढलं. फुकट म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकतेच. खातं काढा, मधूनमधून इंटरनेट जोडून परवाना ताजा करा, हे आलंच. शिवाय २०२३मध्ये सोनार हे जुनं नाव पुन्हा आणायचं ठरलं, आणि त्या फुकट आवृत्तीचे दिवस भरले हे शहाण्याने ओळखलं. पण जुन्या टीममधली काही माणसं बँडलॅबमध्ये गेली होती आणि सुधारणा येत राहिल्या. रोलंड आणि गिब्सन या दोन्ही वाद्यं बनवणाऱ्या बड्या कंपन्या. त्यांना जे पेललं नाही, ते फोनवर गाणी करणाऱ्या पोरांसाठी ॲप काढणाऱ्या कंपनीने निभावलं.

स्वरलिपी लिहिण्याच्या सिबेलियस या सॉफ्टवेअरचं नशीब उलटं. तिथे नाव राहिलं आणि माणसं गेली. त्याची मालक कंपनी ॲव्हिडने २०१२मध्ये लंडनचं ऑफिस बंद केलं, ती टीम स्टाइनबर्गकडे गेली आणि २०१६मध्ये तिने त्याच कामाचं डोरिको काढलं. सिबेलियस अजून विकलं जातं, डोरिकोही विकलं जातं. कोणाला खरा वारस म्हणायचं याचा वाद घालणाऱ्यांनी घालावा.

मी मालकाला एकाच गोष्टीवर जोखते. जुनी फाइल उघडते की नाही? दादाच्या वेळच्या फायलींना 'डब्ल्यूआरके' असं शेपूट असायचं. एका बालनाट्याच्या गाण्याची तशी फाइल मी बँडलॅबच्या केकवॉकमध्ये घातली. उघडली. नोटा जागच्या जागी, मींडेच्या रेघाही तशाच. फक्त आवाज परके, कारण ते दादाच्या, पुढे विकून टाकलेल्या कीबोर्डमध्ये होते आणि मिडीत आवाज नसतोच, नुसती आज्ञा असते. एवढं सांभाळलं म्हणून या चौथ्या मालकाला माझ्याकडून पास.

तुमचीही गाणी कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये अडकलेली असतीलच. ते विकलं गेल्याची बातमी येईपर्यंत थांबू नका. प्रत्येक ट्रॅक अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा, नोटा साध्या मिडी फाइलमध्ये उतरवा आणि गाण्याची लय आकड्यात लिहून ठेवा. एक दुपार पुरते.