केसाची सावली

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमची एक माजी विद्यार्थिनी अम्मींना सोबत घेऊन शाळेत आली. दहावीला विज्ञानात वर्गात सर्वांत जास्त गुण तिचेच होते. अकरावी सायन्सला जाऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. "सर, मुझे आर्ट्स में जाना है," एवढंच बोलून ती खाली बघत उभी राहिली. अम्मी म्हणाल्या, "कहती है, फिजिक्स समझ में नहीं आता."

आम्ही तिची वही मागितली. ध्वनीचा धडा चालू होता. फळ्यावरून सारं इंग्रजीत, सुंदर अक्षरात उतरवलेलं होतं. आम्ही विचारलं, "तअद्दुद किसे कहते हैं?" ती लगेच म्हणाली, "एक सेकंड में जितनी मौजें गुजरें, सर." तूल-ए-मौजची व्याख्याही तिने बिनचूक सांगितली. मग आम्ही वहीतल्या 'फ्रिक्वेन्सी' आणि 'वेव्हलेंथ' या शब्दांवर बोट ठेवलं. ती बघतच राहिली. "वही है क्या, सर?"

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. तिला येत होतं ते सगळं तिचंच होतं, फक्त त्याचं दुसरं नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ते सांगायचं काम आमचं होतं. बी.एड.ला आम्ही प्रत्येक पाठ टाचणात 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' असं लिहिलं, त्यावर सह्या घेतल्या. प्रत्यक्षात मुलांना ज्ञातापर्यंत नेलं आणि तिथेच सोडून दिलं. उर्दूतून विज्ञान शिकवतो याचा अभिमान होता, त्या अभिमानात शेजारी इंग्रजी शब्द लिहायचा राहून गेला. 'वारंवारता' आणि 'तरंगलांबी' शिकून अकरावीला जाणाऱ्या मराठी शाळेतल्या मुलांचं दुखणंही काही वेगळं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिला आणि आणखी चौघींना शाळेत बोलावलं. सुरुवात अजानपासून केली. मशीद गल्लीच्या वळणापलीकडे आहे. घरात बसून अजान ऐकू येते, पण मिनारावरचा दिवा दिसत नाही. असं का? आवाज हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. ज्या स्वराची 340 कंपनं सेकंदाला होतात, त्याची एक लाट 1 मीटर लांब असते. घराच्या कोपऱ्याला वळसा घालणं तिला सहज जमतं. हिरव्या प्रकाशाची लाट मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या साधारण निम्मी असते. कोपरा तिच्या मानाने फारच मोठा. तिला वळताना बघायचं तर अडथळाही तसाच बारीक हवा.

तो अडथळा एका मुलीच्या वेणीत मिळाला. फुटपाथवर मिळणारा तांबडा लेझर बाकावर बसवला, त्याच्यासमोर केस ताणून चिकटवला आणि खिडक्या बंद केल्या. लेझरकडे डोळे न्यायचे नाहीत, अशी ताकीद आधीच दिली होती. 3 मीटरवरच्या भिंतीवर केसाची सावली पडायला हवी होती. पडल्या त्या तांबड्या ठिपक्यांच्या आणि काळ्या फटींच्या रांगा. केसाच्या दोन्ही बाजूंनी आलेल्या लाटा जिथे एकमेकींना साथ देतात तिथे उजेड, जिथे एकमेकींना पुसून टाकतात तिथे अंधार. थॉमस यंगने 1801 साली लंडनमध्ये याच तत्त्वावर, प्रकाश ही लाट आहे, असं मांडलं होतं.

दोन फटींमधलं अंतर 28 मिलिमीटर भरलं. लेझरची तूल-ए-मौज 0.00065 मिलिमीटर. तिला भिंतीच्या अंतराने, म्हणजे 3000 मिलिमीटरने गुणलं आणि 28 ने भागलं. केसाची जाडी निघाली 0.07 मिलिमीटर! मुलींनी टाळ्या वाजवल्या. मराठीत मौज म्हणजे मजा आणि उर्दूत मौज म्हणजे लाट. त्या दिवशी दोन्ही अर्थ एकाच खोलीत होते.

मग आम्ही पुढची गोष्ट सांगितली. 1900 साली माक्स प्लांकने आणि 1905 साली आइनस्टाइनने दाखवलं की प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुड्यांतून येते. प्रत्येक पुडीतली ऊर्जा तअद्दुदच्या प्रमाणात असते. तांबड्या प्रकाशाची पुडी लहान, जांभळ्याची मोठी. म्हणून काही धातूंवर तांबडा प्रकाश कितीही प्रखर टाकला तरी इलेक्ट्रॉन सुटत नाही, आणि मंद जांभळा लगेच सोडवतो. म्हणजे लाट आणि कण यांना जोडणारी कडी तअद्दुदच. तो एक शब्द हरवला, तर पुढचं दारच बंद.

इतका वेळ गप्प असलेली आमची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पुडिया एक-एक करके भेजें, तो वो किससे मिलेगी?"

असा प्रश्न विचारणारी मुलगी आर्ट्सला निघाली होती! जेफ्री टेलरने 1909 साली जवळपास हाच प्रश्न घेऊन गॅसच्या ज्योतीचा उजेड काजळी धरलेल्या काचांतून अतिशय मंद केला आणि सुईच्या सावलीचा फोटो घेतला. एका फोटोला सुमारे तीन महिने लागले, पण पट्टे तितकेच स्पष्ट आले. 1989 साली जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. प्रत्येकाने पडद्यावर एकच ठिपका उमटवला. हजारो ठिपके जमले तेव्हा पट्टे दिसू लागले. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला हे तपासायला गेलं, तर पट्टे नाहीसे होतात. लाट की कण, याचं उत्तर आपण प्रश्न कसा विचारतो त्यावर ठरतं. घरी दखनी, शाळेत उर्दू आणि इथे मराठीत लिहिणाऱ्या आम्हाला हे पचवायला फारसं जड गेलं नाही.

इब्न अल-हैसमचं नाव आपल्या जलशांत अभिमानाने घेतलं जातं. अकराव्या शतकात त्यांनी अरबीत लिहिलेलं 'किताब अल-मनाजिर' युरोपने लॅटिनमध्ये वाचलं. 1924 साली ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोसांचा इंग्रजी निबंध आइनस्टाइनने स्वतः जर्मनमध्ये आणून छापवला. पुढे 1948 साली याच बोसांनी बंगालीतून विज्ञान पोहोचवण्यासाठी कोलकात्यात बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. ज्ञान दर वेळी भाषा ओलांडून पुढे गेलं, आणि ओलांडून नेणारं कुणीतरी होतं. आमच्या मुलींना ओलांडून नेणारं कोण?

ती मुलगी सायन्समध्येच राहिली. पहिल्या चाचणीत तिला कमी गुण मिळाले, दुसरीत थोडे बरे. आता आमच्या फळ्यावर तीन रकाने असतात: उर्दू, मराठी, इंग्रजी. वेळ जास्त लागतो, अभ्यासक्रम मागे पडतो, मुख्याध्यापक विचारतात. विचारू देत. तिच्याबरोबर सायन्सला गेलेल्या आमच्याच दोन मुली त्याच महिन्यात आर्ट्सला गेल्या. त्या आमच्याकडे आल्या नव्हत्या. त्यांना काय येत होतं, हे आम्ही कधी विचारलंच नाही.