पुन्हा मांडलेला पट

सांगलीत मे महिना म्हणजे बुद्धिबळाचा महिना. शाळांना सुट्टी लागते आणि नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांसाठी कुठकुठची मुले आईबापांबरोबर गावात उतरतात. पटाची पिशवी खांद्याला, पाण्याची बाटली गळ्यात. मंडळाचे संस्थापक भाऊसाहेब पडसलगीकरांचे नाव इथे अजून आदराने घेतले जाते. भाग्यश्री साठे या गावच्या. पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या आणि १९९१ साली आशियाई विजेत्या. गावाला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण मला ज्याची ओढ लागते ते पदकवाटपाच्या वेळी घडत नाही. ते घडते डाव संपल्यावर, सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर.

आधी सभागृहातले सांगतो. पंचांनी सुरुवात करायला सांगितले की शंभर-दीडशे हात एकाच वेळी पटावरून पलीकडे जातात, हस्तांदोलन होते, घड्याळे दाबली जातात आणि पुढच्या क्षणी फक्त पंख्यांचा आवाज उरतो. सहा-सात वर्षांची मुलेही त्या शांततेत शिरतात. खुर्चीत गुडघे टेकून बसतात, कारण बसून पट दिसत नाही. प्रत्येक खेळी कागदावर लिहितात, अक्षर वाकडे असेल पण खेळी चुकत नाही. पूर्वी चावीची दोन तोंडांची घड्याळे असत. वेळ संपत आली की काट्यावर छोटा लाल झेंडा वर उचलला जाई आणि अचानक पडे. आता अंकांची घड्याळे आली, दर खेळीला काही सेकंद वाढवून मिळतात. तरी वेळ संपली की जुनी माणसे अजून ‘झेंडा पडला’ असेच म्हणतात.

स्पर्धा स्विस पद्धतीने होते. १८९५ साली झुरिकमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली, आणि माझ्या मते माणसांना एकत्र आणणारी इतकी न्यायी व्यवस्था खेळांत दुसरी नसेल. हरलेला बाद होत नाही. जिंकलेला जिंकलेल्याशी खेळतो, हरलेला हरलेल्याशी, अर्धा गुण असलेला अर्ध्या गुणवाल्याशी. चार-पाच फेऱ्या झाल्या की ज्याला त्याला आपल्या तोलामोलाचा माणूस समोर मिळतो. मग तो सत्तर वर्षांचा निवृत्त मास्तर असो, नाहीतर तिसरीतली मुलगी.

मला गेल्या वर्षी पाचव्या फेरीत बारा वर्षांची मुलगी मिळाली. दोन वेण्या, अंगठ्याला शाईचा डाग. सगळी मोहरी कटली आणि शेवटी उरले दोन राजे, दोन हत्ती आणि तिचे एक प्यादे, पटाच्या ऐन मध्यावर. असा शेवट बरोबरीत सोडवायची वाट फ्रेंच खेळाडू फिलिदोरने अठराव्या शतकातच दाखवून ठेवली आहे: आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत हत्ती ठेवून शांत राहायचे, तिच्या राजाला ती ओळ ओलांडू द्यायची नाही, प्यादे त्या ओळीत आले की हत्ती पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. हे मला पाठ होते. पण घड्याळात दीड मिनिट उरले होते आणि माझा राजा मला एकटा वाटला. मी हत्ती मागे आणून त्याच्या शेजारी बसवला. दहाबारा खेळींत डाव गेला.

बाहेर पायऱ्यांवर तिनेच पट पसरला. “काका, ती शेवटची पोझिशन लावू या?” माझा हात मोहऱ्यांकडे जाईना, पण तिने सगळे मांडून ठेवले. म्हणाली, “तुम्ही हत्ती तिथंच ठेवला असता तर मी बरोबरी मागणार होते. मला पुढं काहीच दिसत नव्हतं.” आतमध्ये तासभर मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि मला तिथे फक्त निश्चय दिसत होता. तिच्या मनात त्या वेळी माझ्याइतकीच भीती होती, हे मला हा पट पुन्हा मांडला म्हणून कळले.

तिच्या वडिलांनी फोन काढून पोझिशन त्यात घातली. क्षणात उत्तर आले: बरोबरी. उत्तर खरे होते, पण मुलगी विचारत होती, का? फोन गप्प. तेव्हा भडंगाचा पुडा हातात घेऊन उभे असलेले एक आजोबा खाली बसले. “बघ की पोरी, राजाला झाडाची सावली लागते. हे प्यादे म्हणजे तुझ्या राजाचे झाड. ते पुढं ढकललंस की राजा उन्हात आला. मग मागून शह बसले की लपायचं कुठं?” तिचे डोळे चमकले. मग खेळ्या उलट्यासुलट्या झाल्या, चार मुले भोवती जमली, पुडा सगळ्यांत फिरला.

आजोबा देशी पद्धतीने खेळत मोठे झालेले. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके; किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्याची उडी; प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्या घरचे मोहरे होई. मुलांना हे परीकथेसारखे वाटत होते. याच देशी खेळात तयार झालेला पंजाबचा सुलतान खान विलायतेला गेला आणि १९२९, १९३२, १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला, हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, “म्हणजे नियम शिकून?” हो, नियम नव्याने शिकून.

माझ्या आजोबांच्या पडवीतही देशी डाव रंगत. हरलेला कधी उठून जात नसे. “इथं काय करायला हवं होतं?” असे तो विचारी, आणि पडवीतले सगळे बोलू लागत. पट दोघांचा राहतच नसे.

आता मात्र फेरी संपते तेव्हा पार्किंगमध्ये गाड्या सुरूच असतात. घरी जाऊन फोनवर चुका मोजल्या जातात, लाल-हिरव्या खुणांनी. त्या मोजणीला माझा विरोध नाही, यंत्र आपल्यापेक्षा कितीतरी चांगले खेळते. पण समोरच्याला तेव्हा काय वाटत होते, हे यंत्राला विचारता येत नाही, आणि ते सांगणारे माणूस तोवर आपल्या गावच्या एसटीत बसलेले असते.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. मूल हरून बाहेर आले, डोळे भरलेले असले, तरी लगेच त्याला गाडीत बसवू नका. ज्याने हरवले त्यालाही थांबवा. दोघांना पायरीवर जागा करून द्या, पट पसरा आणि थोडा वेळ जरा लांब जाऊन उभे राहा.