तीन बाइटचं अक्षर

विकिपीडियावर लिहिण्याचे पैसे मिळत नाहीत. तरी तिथं लेखस्पर्धा होतात, बक्षिसंही असतात. मराठीतल्या अशा स्पर्धांचं परीक्षण मी करतो, तेही बिनपगारीच. नोंदवलेला लेख उघडायचा, संदर्भ खरे आहेत का ते पाहायचं आणि 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा मारायचा. लेखापुढचा आकडा मात्र आमच्या आधी यंत्रानंच मांडलेला असतो.

स्पर्धेची अट बहुधा शब्दांत आणि बाइटमध्ये असते. यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणीत साधं रोमन अक्षर १ बाइट घेतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांचे वेगळे. 'स्त्री' एवढ्याशा शब्दाचे १८ बाइट होतात! म्हणजे इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घातलेली ३००० बाइटची अट मराठीत जेमतेम १००० चिन्हांत पुरी होते. हे कळलेला स्पर्धक मग लांबलचक माहितीचौकट चिकटवतो, खाली तक्ता जोडतो, मध्ये यंत्रानं भाषांतरलेले दोन परिच्छेद घालतो. 'त्याचा जन्म मध्ये झाला' असं वाक्य वाचलं की समजावं, लेख कुणी वाचून पाहिलेला नाही. मी स्पर्धकाला फारसा दोष देत नाही. आपण बाइटला बक्षीस लावलं, त्यानं बाइट आणून दिले.

काय लिहिलं जावं, हेही बक्षीस ठरवतं. २०१८च्या 'प्रोजेक्ट टायगर'मध्ये गुगल आणि विकिमीडिया फाउंडेशननं भारतीय भाषांतल्या सक्रिय संपादकांना लॅपटॉप आणि इंटरनेटचा खर्च दिला, शिवाय लेखस्पर्धा घेतली. लोक शोधतात पण आपल्या भाषेत सापडत नाहीत, अशा विषयांच्या याद्याही पुरवल्या. यादी उपयोगी होती, नाही असं नाही. पण तालुक्याच्या गावचं हेमाडपंती देऊळ किंवा विस्मरणात गेलेला शाहीर अशा यादीत यायचा कुठून? त्यांचे लाल दुवे, म्हणजे अजून न लिहिलेल्या लेखांचे दुवे, लालच राहतात.

उलट, नोव्हेंबर २०१५मध्ये सुरू झालेल्या 'विकिपीडिया आशियाई महिन्या'त चार-पाच लेखांचं बक्षीस म्हणजे दुसऱ्या आशियाई देशातल्या विकिपीडियाकरांनी पाठवलेलं पोस्टकार्ड. त्याच्या किमतीसाठी कुणी रात्र जागवत नाही. तरी लोक लिहितात.

पैशाचा प्रयोग झालाच नाही असं नाही. गुगलच्या 'नॉल'वर लेखकाला जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळत असे. २००८मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि २०१२मध्ये गुंडाळलं. विकिपीडियाकरांकडे एकमेकांना द्यायला फक्त 'बार्नस्टार' असतो, म्हणजे चर्चापानावर डकवलेलं एक ताऱ्याचं चित्र. रेस्टिवो आणि व्हान द राइट या संशोधकांनी इंग्रजी विकिपीडियावरच्या सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्का संपादकांतून काहींना असा तारा दिला, तशाच इतरांना दिला नाही. २०१२मध्ये निष्कर्ष आला : तारा मिळालेल्यांचं काम सुमारे ६० टक्क्यांनी जास्त. याना गालुस यांनी जर्मन विकिपीडियावर हाच प्रश्न नवख्यांबाबत विचारला. तिथं पुरस्कार मिळालेले नवखे पुढच्या महिन्यात टिकून राहण्याचं प्रमाण २० टक्क्यांनी वाढलं.

मला यातलं नवख्यांचं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. जुन्या खोडांना चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चापानावर, भांडायला मिळालं तरी पुरतं. नवखा धूळपाटी या सरावाच्या पानावरून पहिला लेख मुख्य विकिपीडियावर आणतो आणि उत्तरादाखल त्याला 'पान काढा' साचा दिसतो. तो परत येत नाही.

म्हणून आमच्या स्पर्धेत निम्मे गुण जुन्या लेखाला संदर्भ जोडण्यासाठी, यंत्राचं मराठी माणसाचं करण्यासाठी ठेवावेत, असं मी सुचवत असतो. तत्त्व सगळ्यांना पटतं. अडतं ते पुढं : असं काम मोजायला आधीचा आणि नंतरचा लेख शेजारी ठेवून वाचावा लागतो, आणि त्यासाठी परीक्षक मिळवणं स्पर्धक मिळवण्यापेक्षा अवघड आहे.