वारूळ कोणाचे?

अहिल्यानगरची सावेडी आज दाट वस्तीची आहे. मनमाड रोड, पाइपलाइन रोड, भिस्तबाग महालाचा परिसर, जिकडे पाहावे तिकडे घरे. पण हा भाग मुळात माळाचा. घर बांधून दोन पावसाळे होतात न होतात तोच दाराच्या चौकटीवर मातीची रेघ चढते आणि घरातील बाई म्हणते, "वाळवी लागली!" आमच्या ओळखीच्या एका घरी वाळवीने पेटीतील जातीचा दाखला आणि मुलाची गुणपत्रिका खाल्ली. नवा दाखला काढताना त्या बापाचा किती रोज बुडाला, हे कारकुनी करणाऱ्या आम्हाला चांगले ठाऊक आहे. तेव्हा वाळवीची बाजू घेणे म्हणजे वाचकांचा राग ओढवून घेणेच. तरीही लिहितो.

गेल्या हिवाळ्यात वस्तीतील मुलांना घेऊन आम्ही कर्जतजवळच्या रेहेकुरीला गेलो. काळवीटांचे हे अभयारण्य १९८० साली झाले. क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. कुसळी गवत, मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर. काळवीट पाहून मुले हरखली. पण एका वारुळापाशी सगळी थबकली. "यात नाग आहे!"

नाग असेलही. पण वारूळ त्याने बांधलेले नसते. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण उगाच पडलेली नाही. वारूळ बांधते वाळवी. लोक तिला पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगी नव्हे. शास्त्राप्रमाणे ती झुरळाची जवळची नातलग. डोळे नसलेल्या कामकरी वाळव्या खालची बारीक माती तोंडाने वर आणतात आणि लाळेने घट्ट करतात. वाळके गवत, काटक्या, शेण आत नेऊन त्यावर बुरशी वाढवतात आणि तिच्यावर जगतात. ही शेतीच झाली! पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ही त्याच बुरशीची छत्री.

उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, कुजवणारे बाकीचे जीव थंडावतात. तेव्हाही वाळवीचे काम चालू असते. मेलेल्या गवताची ती पुन्हा माती करते. तिच्या भुयारांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी बाहेर पडली की कोतवाल, कावळे, सरडे यांची पंगत बसते. जुन्या वारुळात घोरपड, मुंगूस आसरा घेतात.

आफ्रिकेतील गवताळ माळांना सवाना म्हणतात. तेथील वारुळांभोवती झाडे अधिक जोमाने वाढतात, असे केनियातील अभ्यासात २०१० साली दिसले. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात याकुबा सावाडोगो नावाचा शेतकरी होता. दुष्काळाने दगडासारख्या झालेल्या जमिनीत त्याने खड्डे घेतले आणि त्यांत शेणखत, पालापाचोळा टाकला. त्यावर वाळवी आली, तिने जमीन पोखरली, पाणी मुरले आणि ज्वारी-बाजरी उभी राहिली. २०१८ साली त्याला राइट लाइव्हलीहूड हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२३ साली तो वारला. आपल्यासारख्या दुष्काळी जिल्ह्याने हे नाव लक्षात ठेवावे.

आपला माळही सवानाच आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी वाङ्मयातील झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातील हे माळ किमान साडेसातशे वर्षांपासून असेच आहेत, असे त्यांनी २०२५ साली मांडले. म्हणजे माळ हे तुटलेले जंगल नव्हे. तरी कागदोपत्री तो 'पडीक' ठरतो आणि एकदा पडीक ठरला की त्यावर नांगर फिरवायला, प्लॉट पाडायला कोणाची हरकत उरत नाही. गावाची घाण उचलणाऱ्यांना गावाने कोणती जागा दिली, हे आपल्या समाजाला सांगायला नको. म्हणून तरी राबणाऱ्याला निरुपयोगी म्हणताना आपण दहादा विचार करावा.

माता-भगिनींनो, घरात वाळवीला थारा देऊ नका. पेटी विटांवर, भिंतीपासून दूर ठेवा. दाखले पत्र्याच्या डब्यात ठेवा, ओल थांबवा, मातीची रेघ दिसताच खरवडून काढा. पण माळावरच्या वारुळात औषध ओतू नका आणि नागपंचमीला दूधही ओतू नका. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते आपल्या लेकरांना पाजा, आणि वारूळ कोण बांधते ते त्यांना सांगा.