दुसऱ्यांदा उघडलेला हात

डायलिसिसवर जगणाऱ्या अनेकांच्या मनगटाशी किंवा कोपराशी एक थरथर वसत असते. तेथे धमनी थेट शिरेला जोडलेली असते, आणि एरवी संथ वाहणाऱ्या शिरेतून मिनिटाला अर्धा लिटर, कधी लिटरभराहूनही अधिक रक्त धावते. मध्यरात्री जाग आली की असा माणूस हात कानाशी नेतो. थरथर लागली, म्हणजे उद्याचे डायलिसिस होणार.

ही जोडणी १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. ब्रेशिया आणि सिमिनो ही नावे तिला चिकटली. टाके घालणारे शल्यविशारद ॲपेल मात्र मागे राहिले. वाङ्मयाच्या इतिहासालाही हा अन्याय अपरिचित नाही.

पण आठवड्यातून तीनदा सुया सोसणारी शीर कोठे फुगते, कोठे आक्रसते, आणि तोच हात पुन्हा उघडावा लागतो. पहिल्या वेळी सुट्या असलेल्या ऊती आता व्रणात रुतून एकजीव झालेल्या असतात. रक्तवाहिनीला चिमटा लावायचा तर आधी ती मोकळी करायला हवी, आणि मोकळी करतानाच तिची विरलेली भिंत फाटण्याचे भय. त्यात मूत्रपिंडे निकामी झालेल्यांच्या रक्तबिंबिका संख्येने पुरेशा असूनही कामाला मंद असतात.

अशा वेळी काही शल्यविशारद व्रणाला हात लावण्यापूर्वीच प्रवाह दुरून अडवतात. हात उंच धरून बोटांपासून वर रबरी पट्टी गुंडाळायची, ही कील येथील एस्मार्ख यांची १८७३ मधील युक्ती; आणि दंडाला हवेने फुगणारा पट्टा बांधायचा, ही कुशिंग यांची १९०४ मधील. पट्टा फुगला की हात रक्तहीन होतो. मात्र घड्याळ सुरू झालेले असते. स्नायू आणि मज्जातंतू फार काळ उपाशी राहू शकत नाहीत.

खरी कसोटी पट्टा सैल केल्यावर. टाक्यांच्या छिद्रांतून रक्त झिरपू लागते. बोट जोराने दाबावे तर शीरच मिटते. हेपॅरिनवर प्रोटामाइनचा उतारा सढळ हाताने द्यावा तर जोडणीतच रक्त गोठू शकते. स्राव थांबायला हवा, प्रवाह नव्हे. म्हणून हलके बोट ठेवून वाट पाहणे, एवढेच उरते.

पुष्कळदा बधिर केला जातो तो केवळ हात. माणूस पडद्याआड जागा असतो. हातावरच्या अशा जागा मोजक्याच, आणि त्यांतल्या किती खर्ची पडल्या हे त्याला तोंडपाठ असते. शल्यविशारदाचे बोट शिरेवर स्थिरावते. पडद्यामागून एकच प्रश्न येतो : "लागते का?"